टपालघराची काच

पहिल्या ठेकेदाराने चहा घेतला नाही, तेव्हाच सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली. माणूस तसा तोंडाचा गोड. दारातून आत येईपर्यंत घराचं कौतुक करत होता. काय दगड, काय लाकूड, असं घर आज बांधून दाखवा म्हणावं कुणाला! मग तो कमानीखाली आला आणि गप्प झाला. मान वर करून बघत राहिला. एकदा टाळी वाजवली, आणि तिचा आवाज कुठे जातो याकडे कान देऊन उभा राहिला. सूनबाई कपबशी घेऊन आली, तर हा चपलांत पाय घालत होता.

“वहिनी, माझं काम रंगरंगोटीचं. हे मोठ्यांचं काम आहे.”

“मग टाळी कशाला वाजवलीत?”

“सवय,” तो म्हणाला आणि मागे वळून न बघता निघून गेला.

दुसऱ्याने रीतसर अंदाज पाठवला. तो बघून नवऱ्याने आधी कागद उलटा तर धरला नाही ना, याची खात्री करून घेतली. “हा आकडा नाही गं,” तो म्हणाला, “हा नकार आहे. नाही म्हणायची भीड वाटली, म्हणून शून्यं लावलीत.” तिसरा परवा येतो म्हणाला. त्याचा परवा काही उजाडला नाही.

आणि घर तर घेऊन झालेलं. परतीचे दोर कापून घेतलेलं. आधीच्या दोन खोल्या विकल्या, त्याची पुंजी घातली, उरलेलं बँकेचं. गावात सगळे त्याला टपालघरच म्हणत. फार पूर्वी टपालाच्या घोडागाड्या या कमानीतून आत शिरायच्या, मागच्या अंगणात घोडे बदलायचे, आणि कमानीच्या वरच्या खोलीत पत्रांची वाटणी व्हायची. पुढे टपाल दुसऱ्या वाटेने जायला लागलं. कुणीतरी कमानीत विटांची भिंत घालून, एका दारापुरती वाट ठेवून, ती बुजवली, भाडेकरू आले, गेले. दाराशेजारी पितळेची पाटी होती, जुन्या वास्तूंच्या यादीत हे घर आहे असं सांगणारी. त्या यादीमुळे दर्शनी भिंतीसाठी अनुदान मिळणार होतं, पण आधी तुम्ही खर्च करा, मग आम्ही देऊ, या बोलीवर. आणि बँकेची बोली अशी, की कर्ज टप्प्याटप्प्याने सुटेल, आणि कमान उघडून तिथे दुकान थाटलं तरच मोठा टप्पा. घर कमावतं झालं पाहिजे, असं बँकेचं म्हणणं.

दुकान म्हणजे काचेचं. सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा धंदा, खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरींच्या चौकटी. सासरे आता गल्ल्यावर बसत नसत, पण काच कापायची हिरकणी अजून त्यांच्या खिशात असे, दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं ना, तशी.

“काचवाल्याने दगडाचं घर घेऊ नये म्हणतात,” ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “कधी कोण कुणावर पडेल सांगता येत नाही.”

सूनबाई शिंप्याची लेक. त्यावरून दोघांची रोज जुगलबंदी.

“तुमचं बरं आहे बाई,” सासरे म्हणत. “चुकलं की उसवा, पुन्हा घाला टीप. आमच्यात चुकलं की संपलं.”

“म्हणूनच तुम्ही चुकलं असं कधी म्हणत नाही, बाबा.”

ते खो खो हसत. भिंगरीही हसायची, काही न कळता. भिंगरी म्हणजे सूनबाईची लेक. नुकती दुडूदुडू चालायला लागलेली, एका जागी ठरेल तर शपथ.

दुरुस्ती होईपर्यंत भाडं वाचावं म्हणून चौघं वरच्याच मजल्यावर राहत होती. मागची खोली सासऱ्यांची. पुढची, कमानीच्या बरोबर वरची, या तिघांची. तीच सगळ्यात उजेडाची. सकाळी ऊन थेट भिंगरीच्या अंथरुणावर यायचं, आणि उन्हात झोपलेल्या लेकराच्या कानांच्या पाळ्या आरपार गुलाबी दिसायच्या. सूनबाई ते बघत बसायची. कामं पडलेली असायची, तरी बसायची.

त्याच खोलीत ती भेग होती. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी खाली जमिनीपर्यंत आलेली. फार नव्हती. पोस्टकार्डाची कड जाईल, एवढीच.

कर्जाच्या आधी बँकेच्या इंजिनीअरबाई आल्या. भेगेवरून त्यांनी नख फिरवलं, खाली जाऊन कमान बघितली, वर आल्या आणि पिशवीतून काचेची एक पातळ पट्टी काढली. गुडघाभर उंचीवर, भेगेच्या अल्याड एक आणि पल्याड एक असे प्लॅस्टरचे दोन गोळे लावून त्यांनी ती पट्टी आडवी चिकटवली.

“काच ताणत नाही, वाकत नाही,” त्या म्हणाल्या. “भिंत जराशी हलली, तरी ही फुटेल. भिंत काही बोलत नाही, म्हणून तिच्या तोंडाशी काच ठेवायची. दर आठवड्याला मला हिचा फोटो पाठवा. शाबूत राहिली तर कमान उघडायला परवानगी आणि पुढचे पैसे. फुटली तर फोन करा आणि लेकराला दुसऱ्या खोलीत हलवा. खालची विटांची भिंत नुसती बुजवलेली आहे, की वरचा भार तिनं उचललाय, ते मला या काचेवरूनच कळेल.”

सासरे भिंगरीला कडेवर घेऊन ऐकत होते. पुढे वाकून त्यांनी पट्टी न्याहाळली.

“काच कुठून आणलीत ताई?”

“का हो काका?”

“कड बघा. दाते पडलेत. नवशिक्याच्या हातची कापणी.”

इंजिनीअरबाई हसल्या. सगळेच हसले.

त्याच सुमारास चौथा ठेकेदार मिळाला. त्याचं नाव घरात कुणी घेतच नसे. सगळे त्याला होऊनजाईल म्हणत, कारण त्याच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. तुळई बदलायची? होऊन जाईल. जुन्या दगडाला जुळणारा दगड? होऊन जाईल. पावसाच्या आत? होऊन जाईल दादा, तुम्ही नुसतं बघत राहा. माणूस वाईट नव्हता. भिंगरीसाठी खिशात हमखास काहीतरी घेऊन यायचा. पण कमानीखाली उभा राहिला, की त्याचे डोळे कधी वर जायचे नाहीत. सूनबाईने ते पाहिलं होतं. पाहिलं, आणि मनातच ठेवलं. चौथा होता ना. पाचवा कुठून आणायचा?

दिवस जात राहिले. फोटो जात राहिले. काच शाबूत.

भिंगरीला मात्र एक नवा नाद लागला होता. सूनबाईच्या माहेरचा बटणांचा डबा तिला सापडला होता. ती एकेक बटण उचलायची आणि भेगेत टाकायला बघायची. “तपाल!” आजोबांनीच शिकवलेलं, इथे पूर्वी टपाल टाकायचे म्हणून. सुरुवातीला बटणं आत जायचीच नाहीत, टिकटिक करत खाली पडायची. मग सदऱ्याची पातळ बटणं जायला लागली. सूनबाईला वाटलं, पोर शिकली, हात स्थिर झाला. आईला काय, लेकराचं सगळंच कौतुक.

मागच्या आणि पुढच्या खोलीच्या मधला दरवाजा आल्या दिवसापासून अडकायचा. खांदा लावल्याशिवाय उघडायचा नाही. एके सकाळी तो आपसूक उघडला. कुणी हात न लावता, हळूच, कुणीतरी आत डोकवावं तसा.

“बघ,” नवरा खुशीत म्हणाला, “घर आपल्याला सरावायला लागलं.”

सूनबाईने दरवाजा लावला. तो पुन्हा उघडला. पण दरवाजा नीट उघडतो ही काय तक्रार झाली? कुणाला सांगणार, आणि काय म्हणून? उशीवर सकाळी पिठासारखी धूळ असायची, ती झटकायची, बस.

इंजिनीअरबाईंचा होकार आला. काच इतके आठवडे जशीच्या तशी, तेव्हा कमान उघडायला हरकत नाही. पैसे सुटले. नवऱ्याने भिंगरीला हवेत उडवून झेललं. सासऱ्यांनी दुकानाच्या पाटीसाठी आरशाचा तुकडा निवडून ठेवला.

काम सुरू झालं ती सकाळ स्वच्छ उन्हाची होती. होऊनजाईल दोन गडी घेऊन आला. खाली विटांच्या सांध्यात छिन्नी बसली, आणि ठक्, ठक् सुरू झालं. वर सूनबाई अंथरुणाच्या घड्या घालत होती. प्रत्येक ठोका तळपायांना लागत होता. भिंगरी भेगेपाशी बसून आपल्या टपालात दंग.

“तपाल!”

“हो गं माझी बाय, टाक टपाल,” सूनबाई सवयीने म्हणाली. मग तिने मान वळवली.

भिंगरीच्या हातात कोटाचं बटण होतं. मोठं, चार भोकांचं, सूनबाईच्या वडिलांनी जाड थंडीच्या कोटांसाठी आणलेलं. भिंगरीने ते भेगेशी नेलं आणि सोडलं. ते अडलं नाही. घासलंसुद्धा नाही. आत गेलं, आणि कुठेतरी खोल खणकन वाजून गप्प झालं.

सूनबाईच्या हातातली चादर गळाली.

तिने भिंगरीला उचललं. काच तशीच होती. शाबूत, चकचकीत. म्हणजे आपल्यालाच भास होतोय का? पण बटणाची जाडी तिला डोळे मिटूनही सांगता आली असती, आयुष्य त्यात गेलं होतं. ते बटण पोस्टकार्डाच्या फटीत जाणं शक्य नाही.

तेवढ्यात भिंगरीने चिकट मूठ तिच्या गालाला लावली. मुठीत पांढरं, मऊ काहीतरी होतं. तिने वास घेतला. अळशीच्या तेलाचा वास. हा वास तिला पाठ होता. सासऱ्यांच्या हातांना यायचा. खिडकीच्या चौकटीत काच बसवताना भोवती भरतात ती लांबी, खडू आणि तेल मळून केलेली, लोण्यासारखी.

ती गुडघ्यांवर बसली आणि काचेच्या टोकाला अंगठा लावला. प्लॅस्टर दगडासारखं टणक असायला हवं होतं. अंगठा आत रुतला. वरून रंगाचा हात दिलेला, आत सगळी लांबी. आणि आता, जवळून, तिला दिसलं की पट्टीचं एक टोक लांबीतून जवळजवळ पूर्ण बाहेर सरकून आलंय. भिंत चालत होती, आणि काच तिच्याबरोबर निमूट सरकत होती. मऊ गादीवर झोपलेल्याला हलवावं, आणि त्याला जागही येऊ नये, तशी.

खाली ठक्, ठक्.

“थांबवा!” ती जिन्यातूनच ओरडली. “थांबवा आधी!”

गड्यांचे हात थांबले. नवरा धावत आला. मागून सासरे.

“काय झालं? भिंगरी पडली?”

“बाबा,” तिने दम घेतला. आवाज चढू द्यायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं. “वरची ती काच कुणी बसवली?”

“मीच की,” सासरे म्हणाले, तोंडभर हसून. “अगं, कधीच. त्या ताईंची पट्टी चौथ्या-पाचव्या दिवशीच तडकली. मी म्हटलंच होतं, दाते पडलेत. ऊन लागलं, तडकली. त्यात लेकरू खेळतंय तिथे. काचवाल्याच्या घरात तुटकी काच ठेवायची? चांगली जाड काच कापली, कड घासली, आणि लांबीत बसवली. काचेला जरा जागा द्यावी लागते, आवळली की फुटतेच. बघ, त्यानंतर एक ओरखडा नाही!”

होऊनजाईलने पहिल्यांदा वर बघितलं.

“बाबा,” सूनबाई म्हणाली, “ती फुटायलाच लावली होती.”

“मला कळत नाही का? भिंत हलली तर फुटेल म्हणाल्या. पण ती भिंतीने नाही फुटली, कापणीने फुटली. आयुष्य गेलं माझं काचेत.”

“आज भेगेत कोटाचं बटण गेलं, बाबा. भिंगरीने टाकलं. जाड, मोठं.”

म्हाताऱ्याचं हसू ओठांवरच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं.

“अगं, पण आता थांबवायचं म्हणजे...” नवऱ्याने कपाळ धरलं. “बँकेला काय सांगू? फोटो मीच पाठवलेत. पैसे मागे घेतील. आपल्याला जायला दुसरं घर आहे का? दादा, तुम्ही बोला ना काहीतरी.”

“होऊन...” ठेकेदार म्हणाला, आणि शब्द तिथेच सोडला. “एवढ्या विटा निघाल्या की टेकू लावणारच होतो मी.”

“आधी का नाही लावलेत?” सूनबाईने विचारलं.

“टेकूचे पैसे धरले असते, तर तुम्ही मला काम दिलं असतं का, वहिनी?”

स्वस्त म्हणूनच तर घेतला होता.

“एक काम करू,” सासरे म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. “मला थोडं प्लॅस्टर द्या.”

सूनबाईने भिंगरीला नवऱ्याच्या हातात दिलं. “रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहा. अहो, ऐका माझं. इथे नाही, पलीकडे.” गड्यांनाही तिने बाहेर काढलं. मग ती सासऱ्यांच्या मागे जिना चढली. दारात होऊनजाईल येऊन थांबला, आत मात्र आला नाही.

सासऱ्यांनी आपली पट्टी काढली. ती इतकी सहज निघाली, की ते क्षणभर नुसते तिच्याकडे बघत राहिले. मग खिशातून हिरकणी काढली, दुकानासाठी आणून ठेवलेल्या पातळ काचेचा तुकडा रेघ मारून तोडला. प्लॅस्टर पाण्यात कालवलं, भेगेच्या दोन्ही अंगांना गोळे लावले, आणि काच त्यात घट्ट आवळून दाबून धरली. आयुष्यात काचेला त्यांनी असं कधी आवळलं नसेल.

“कड बघ,” ते म्हणाले. “दाता आहे का कुठे?”

तिने बोट फिरवलं. रेशमासारखी कड. “नाही, बाबा.”

“ऊन?”

“इथे सावली आहे आता.”

“बरं.”

ते तिथेच उकिडवे बसले. ती उभी राहिली. प्लॅस्टर पांढरं होत गेलं, मग कोरडं, मग टणक. खाली कुणी हातोडा मारत नव्हतं. रस्ताही शांत. मधला दरवाजा आपल्या आपण उघडला आणि भिंतीला टेकला. बिछान्यावर अजून भिंगरीच्या डोक्याचा खळगा होता. त्यात पिठासारखी धूळ पडत होती, इतकी हळू, की उन्हाच्या तिरिपेतच दिसावी.

टक्.

किती छोटा आवाज! सुई मोडावी तसा. काचेच्या मधोमध एक केसाएवढी रेघ उमटली होती, आणि दोघं बघत असतानाच तिचे दोन काठ एकमेकांपासून लांब झाले.

“चला,” दारातून होऊनजाईल म्हणाला. “काही घेऊ नका. चला, काका.”

सासरे उठेनात. सूनबाईने त्यांना काखेत धरून उठवलं, लेकराला उठवावं तसं. जिना उतरताना ती पायऱ्यांवर पाऊल नुसतं टेकवत होती. कमानीखालून जाताना तिने वर बघितलं नाही. आता तिला कळलं, होऊनजाईल का बघत नव्हता ते.

रस्त्यापलीकडे नवरा भिंगरीला छातीशी धरून उभा होता. “फुटली?” त्याने विचारलं. तिने मान हलवली. तो एकदम पुढे सरसावला. “आतून कागद तरी आणतो, आणि तिचं पांघरूण, आणि...” होऊनजाईलने त्याचा दंड धरला. चांगलाच घट्ट. “दादा, नाही. मी सांगतो ना, नाही.”

“आई!” भिंगरी बोट दाखवून किंचाळली. आनंदाने.

कमानीच्या पोटातून काहीतरी खाली पडलं होतं. फरशीवर उडी घेऊन ते गडगडत रस्त्याकडे आलं. सदऱ्याचं पांढरं बटण. मागून आणखी एक. मग निळं. मग मूठभर, सरसर, डबा उपडा करावा तशी. इतक्या दिवसांचं सगळं टपाल भिंतीच्या आतून वाट काढत खाली येत होतं.

“आलं! तपाल आलं!” भिंगरी टाळ्या पिटत होती. गोळा करायला जायचं म्हणून तिने बापाच्या हातातून अंग सोडवून घेतलं, आणि त्या लहान पायांनी दोन पावलं टाकलीसुद्धा. सासरेच जवळ होते. त्यांनी झडप घालून तिला उचललं आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं.

सगळ्यात शेवटी कोटाचं मोठं बटण आलं. ते फरशीवर गोल गोल फिरत राहिलं.

ते आडवं पडायच्या आत भिंत खाली आली. कोसळली नाही आधी, बसली. दमलेलं जनावर पुढचे पाय दुमडून बसतं तशी कमानीवरची खोली खाली बसली, उजेडाची खिडकी, अंथरूण, सगळ्यासकट. मग आवाज आला. आणि मग धूळ, इतकी की हाताला धरलेला माणूस दिसेना. सूनबाई आंधळ्यासारखी चाचपडत गेली, आणि तिच्या हाताला आधी केस लागले, मग कान, मग ती ओली, अळशीच्या वासाची मूठ. तिने ती मूठ तोंडाशी धरली. त्या मुठीत नाडी उडत होती. तिने पुन्हा पुन्हा तीच शोधली.

धूळ विरली तेव्हा दोन बाजूंचे खांब तेवढे उभे होते, आणि त्यांच्यामधून मागचं अंगण दिसत होतं. कमान उघडली होती. पितळेची पाटी जागेवरच होती.

होऊनजाईल फुटपाथवर बसला होता, तोंडावर हात घेऊन. नवरा फोन हातात घेऊन नुसता उभा होता. बँकेला करायचा, की कुणाला, हेही त्याला सुचत नसावं. तिला त्याच्याकडे जायचं होतं. पण सासऱ्यांनी अजून भिंगरीला सोडलं नव्हतं. प्लॅस्टरने पांढऱ्या झालेल्या अंगठ्याने ते तिच्या पापण्यांवरची धूळ टिपत होते, आरसा पुसावा इतक्या हलक्या हाताने.

“सूनबाई,” ते म्हणाले. तिच्याकडे न बघता. “त्या ताईंची काच. पहिली.”

“असू दे, बाबा.”

“कड चांगली होती गं तिची,” म्हातारा म्हणाला. “दाते-बिते काही नव्हते.”